तेवीस मिनिटांच्या गाण्यातले माझे आठ सेकंद

मी एक जुना, टेपवर चालणारा बाजा आहे. मित्रांनो, अशा आत्मवृत्तात पहिल्याच ओळीला डोळ्यांत पाणी आणायची पद्धत असते, हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री रडते, फुटकी पाटी रडते, गंजलेली सायकल तर हुंदके देते. मी रडणार नाही. माझ्या वाट्याला जी माणसं आली त्यांच्यापायी रडण्याएवढी त्यांची लायकी नव्हती. एकीची होती. तिच्यासाठी मी हे सांगायला बसलो आहे, तेव्हा फोन खाली ठेवा आणि ऐका.

लहानशा कपाटाला पियानोच्या पट्ट्या लावल्या तर जसं दिसेल तसा मी दिसतो. पट्ट्या पस्तीस. प्रत्येक पट्टीच्या खाली टेपचा एक तुकडा टांगलेला, आणि त्या तुकड्यावर एकच सूर आधीच ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते आणि तो सूर वाजतो. टेपवर बासरी असेल तर बासरी, माणसाचा गळा असेल तर गळा. टेप आठ सेकंदांची असते. आठ सेकंद झाले की टेप संपते आणि मी गप्प होतो. बोट उचललं की स्प्रिंग टेपला मागे ओढते, पुन्हा दाबलं की पुन्हा आठ सेकंद. एवढं समजायला फार अक्कल लागत नाही. तरी एका माणसाला ते पन्नास वर्षांत समजलं नाही.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या एका लांबट खोलीत झाला. मला घडवणारा मिस्त्री आधी शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. हाताचा सच्चा आणि तोंडाचा फटकळ. माझ्यातला फटकळपणा त्याच्याकडूनच आला असावा. माझ्या आतल्या पस्तीस स्प्रिंगा त्याने एकेक करून ताणून बघितल्या, दोन परत काढल्या, पुन्हा बसवल्या. गिऱ्हाईक यायचं आणि हमखास एकच प्रश्न विचारायचं, "फक्त आठ सेकंद?"

मिस्त्री वर न बघता म्हणायचा, "'आग लागली' म्हणायला एक सेकंद पुरतो. ज्याला आठ कमी पडतात त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं."

हे वाक्य ऐकून मी लहानाचा मोठा झालो. आणि माझं नशीब असं, की मला विकत घेतलं ते तेवीस मिनिटांचं एक गाणं करणाऱ्या लोकांनी.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं एक खूळ त्या वेळी जोरात होतं. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढारलेलं. पुढारलेलं म्हणजे काय, तर साधं चार मात्रांचं गाणं हे अडाण्यांचं काम. आपण सात मात्रांत सुरू करायचं, मध्येच अकरात जायचं, आणि ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरायला गेला की त्याला तोंडघशी पाडायचं. गाण्यात प्रेम, भूक, पाऊस असलं काही आणायचं नाही. राजे, ग्रह, आरसे आणि भुलभुलैये आणायचे. आणि गाणं संपवायची घाई अजिबात करायची नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार असतो, पण या लोकांनी त्या खळखळाटाचे चार चार भाग पाडून त्यांना नावं दिली होती.

माझ्या बँडमध्ये चौघे होते. मला वाजवणाऱ्याला सगळे प्राध्यापक म्हणत. त्याने कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण तो बोलताना डोळे मिटत असे, आणि तेवढ्यावर लोक पदवी देऊन टाकतात. गाणारा पुरुष होता, पण त्याचं नाव राणीसाहेब पडलं होतं, कारण त्याला तयार व्हायला दोन तास लागत. गिटारवाला इतका कमी बोलायचा की त्याला मुका म्हणत. त्याची अकरा मिनिटांची एकट्याची गिटार ऐकल्यावर तो बोलत नाही हे बरंच आहे, असं वाटायचं. आणि ढोल वाजवणारा पहिलवान. हा काटकुळा होता, फुंकर मारली तर उडाला असता. चौघांत वाईट म्हणावा असा तो नव्हता. पण त्याच्या तोंडून प्राध्यापकासमोर कधी 'नाही' निघायचं नाही. मित्रांनो, नुसतं वाईट नसणं हा काही फार मोठा गुण नव्हे.

पहिलवानाला एक थोरली बहीण होती. सगळे तिला ताई म्हणत. आईवडील लवकर गेले, त्यामुळे या काटकुळ्याला तिनेच वाढवला होता. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती आणि घरीही शिवायची. बँडचा सराव तिच्याच बाहेरच्या खोलीत चालायचा. हे चौघे विश्वाच्या रहस्यावर चर्चा करत, आणि ती त्यांच्या पायांखालून टाचण्या वेचत असे. रंगमंचावर घालायचे त्यांचे ते पायघोळ झगेसुद्धा तिनेच जुन्या पडद्यांच्या अस्तरातून शिवले होते. प्राध्यापकाच्या झग्याची बाही दर कार्यक्रमात माझ्या पट्ट्यांत अडकायची. बाही आखूड करू दे म्हणून तिने तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "ताई, बाही हा रचनेचा भाग आहे."

"मग रचना पट्टीत अडकली की मला उसवायला बोलावू नकोस," ती म्हणाली.

अशी ती होती. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

आता त्या महान गाण्याविषयी. त्याचं नाव 'समुद्रतळीच्या राजाचं उत्थान'. पहिल्या भागात राजा पाण्याखाली जातो. दुसऱ्यात त्याला एक मासा कोडं घालतो. तिसऱ्यात राजा विचार करतो, आणि तो नऊ मिनिटं विचार करतो. चौथ्यात वर येतो. राजा तेवीस मिनिटं श्वास न घेता पाण्याखाली राहतो, आणि ऐकणाऱ्याचीही तीच गत होते. या गाण्यात प्राध्यापकाला शंभर गाणाऱ्यांचा वृंद हवा होता. माझ्यात वृंदाच्या टेपा होत्याच, पण एका कार्यक्रमात रंगमंचावर धुकं करायच्या नादात यांनी इतकी वाफ सोडली की त्या टेपा भिजून एकमेकींना चिकटल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. आता शंभर माणसं आणणार कुठून? सरावाला यांच्या चुलत भावंडांनाही कुणी पाठवत नव्हतं.

शेवटी प्राध्यापक ताईकडे वळला. ताई कधी गाणं शिकली नव्हती. कारखान्यात यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून मैत्रिणींबरोबर गायची, तेवढंच. पण सूर पक्का होता.

एका रविवारी सकाळी तिच्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला जाड कांबळं लावायचं होतं. भिंतीत खिळा ठरेना, म्हणून पहिलवान एका तिपाईवर उभा राहून दोन्ही हातांनी कांबळं धरून होता. माझ्यात नव्या टेपा भरायला बोलावलेला मिस्त्री टेपच्या यंत्रापाशी. प्राध्यापक हातात घड्याळ घेऊन. ताईने पस्तीस सूर एकेक करून म्हणायचे, प्रत्येक आठ सेकंद.

"ताई, नुसतं 'आ' म्हणा. भावना नको," प्राध्यापक म्हणाला.

"भावना नको तर माणूस कशाला बोलावलंस? कारखान्याचा भोंगा लावायचा."

तिने म्हटलं मात्र नीट. खालचे सूर तिला लागेनात, तेव्हा मिस्त्रीने ते वरच्या पट्टीत म्हणायला लावले आणि टेप हळू फिरवून खाली आणले. म्हणून माझ्या डावीकडच्या पट्ट्यांत ताई झोपेत बोलल्यासारखी वाटते. मधल्या पट्ट्यांत ती जशी होती तशी आहे. एकोणिसाव्या सुराच्या वेळी सहा सेकंद ठीक गेले. मग तिपाई डगमगली, पहिलवान कांबळ्यासकट वाकडा झाला, आणि ताई सूर सोडून खदखदून हसली. हसताहसता ओरडली, "अरे, पडशील!"

आणि आठ सेकंद संपले. प्राध्यापकाने घड्याळ बघून "पुढचा" म्हटलं. त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. ऐकायची सवय त्याला तेव्हाही नव्हती.

हसणं त्याच्या लक्षात आलं ते दहा दिवसांनी, टेपा कापून माझ्यात टांगून झाल्यावर. एक बदलायची तर सगळी चौकट उतरवावी लागणार होती, आणि ताईचा घसा पस्तीस सुरांनी बसला होता. प्राध्यापक मिस्त्रीवर उखडला. मिस्त्रीने कापताना ते ऐकलं नसेल असं मला वाटत नाही. त्याने मुद्दामच राहू दिलं असावं. तो एवढंच म्हणाला, "सहा सेकंदांत बोट उचल की."

ते प्राध्यापकाला जमणार नव्हतं. त्याने माझ्या एकोणिसाव्या पट्टीवर लाल चिकटपट्टी लावली. हिला हात लावायचा नाही. आणि सगळं गाणं तो एक सूर टाळून पुन्हा बांधलं. पुढे एका समीक्षकाने लिहिलं, 'मधला एक सूर वर्ज्य करून केलेली ही धाडसी रचना मानवी जीवनातल्या उणिवेकडे बोट दाखवते.' गाढवाला गुळाची चव काय, असं तुम्ही म्हणाल. पण इथे गूळही नव्हता.

याहून मोठा विनोद अजून पुढेच आहे. स्टुडिओत त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू होतं. सतराव्या मिनिटाला, राजाचा विचार संपत आला असताना, प्राध्यापकाने माझ्या तीन पट्ट्या एकदम दाबल्या, डोळे मिटले आणि चेहरा छताकडे केला. तीन ताया एकमेकींत मिसळून उमटल्या. खरं सांगतो, छान वाटत होतं. पाच, सहा, सात, आठ. टेपा संपल्या. मी गप्प. प्राध्यापकाचे डोळे मिटलेलेच. त्याला वाटलं तो अजून वाजवतो आहे. बाकीच्यांना वाटलं त्याने मुद्दाम थांबवलं. विचारायची कुणाची छाती नव्हती. पूर्ण चार सेकंद स्टुडिओत पिन पडली तर ऐकू आली असती. मग पहिलवानाला राहवेना, त्याने ढोलावर एक काठी मारली, आणि गाडी पुढे गेली.

त्या चार सेकंदांना पुढे 'पोकळी' असं नाव पडलं. एका मासिकात तिच्यावर सहा पानं आली. एका विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला. प्राध्यापक मुलाखतीत सांगू लागला की पोकळी त्याला स्वप्नात दिसली होती. मित्रांनो, बोट उचलायचं विसरणं याला तुमच्या शाळेत काय म्हणतात? आमच्याकडे त्याला प्रतिभा म्हणत.

रेकॉर्ड बाजारात आली. उघडझाप करणारं मोठं पुठ्ठ्याचं वेष्टन, वर समुद्रातून निघणारा मुकुट. आत चौघांचे झग्यातले फोटो. प्रत्येकाचं नाव, त्याच्या वाद्याचं नाव, धुक्याच्या यंत्राचंसुद्धा नाव. आणि सर्वांत खाली, 'गायन : स्वर्गीय वृंद'.

ताई कारखान्यातून आली होती. वेष्टन तिने दिव्याखाली धरून पुढून वाचलं, मागून वाचलं, उघडून आतून वाचलं. मग भावाला विचारलं, "यात मी कुठे आहे रे?"

पहिलवान स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. प्राध्यापक म्हणाला, "ताई, तुमचं नाव टाकलं असतं तर गूढ गेलं असतं. शिवणकाम करणारी बाई म्हटलं की लोकांना समुद्र दिसत नाही."

"असू दे," ती म्हणाली. रेकॉर्ड तिने फळीवर ठेवली आणि शिवायला बसली. त्या संध्याकाळी तिने दोनदा दोरा तोडला. तिला लागलं होतं, आणि ते त्या खोलीत फक्त मला आणि तिच्या भावाला कळलं. मी लाकूड-लोखंडाचा बाजा, मला तोंड नाही. त्याला होतं. तो काहीच बोलला नाही.

पुढची सहा-सात वर्षं टाळ्या, धुकं, झगे आणि लांबलचक दौरे. माझं कौतुक खूप झालं. लोक माझ्या लाकडावर हात फिरवून जात. त्या काळाविषयी मी यापेक्षा जास्त बोलणार नाही, कारण तीच ती तेवीस मिनिटं मी तीनशेवर वेळा ऐकली आहेत. मग वारा फिरला. केस कापलेली रागीट पोरं आली, तीन सूर आणि दोन मिनिटांची गाणी घेऊन. त्यांना वाजवता येत नव्हतं, पण त्यांना थांबता येत होतं. आमच्या चौघांना लोक हसू लागले. मीही हसलो असतो. शेवटी बँड फुटला तो कशावरून? मुक्याची गिटार अकरा मिनिटांची असावी की नऊ, यावरून. मुका त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, आणि नको ते बोलला.

मला कुणीच नेलं नाही. प्राध्यापकाने नवं, हलकं, चकचकीत वाद्य घेतलं. मी ताईच्या घरी जिन्याखाली राहिलो. चाळीसच्या वर वर्षं. माझा फ्यूज उडालेला, तो कुणी बदलला नाही. माझ्यावर इस्त्रीचे कपडे रचले गेले. झाकणावर इस्त्रीचा एक तिकोनी डाग आहे, तो त्यातलाच. पण ताई दर आठवड्याला मला पुसायची. पट्ट्यांवर तिने कधी बोट ठेवलं नाही. मी तिला 'त्यांचा' वाटायचो. माझ्या पोटात सगळी तीच भरलेली आहे, हे तिच्या मनात येत नसावं.

आठ वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. ती बरी झाली, पण घरातून बोलणं संपलं. ती एक लहान वही जवळ ठेवू लागली. तिच्यात लिहायची, 'कुलूप लाव', 'आज पाणी येणार नाही', 'तू वाळलास'. हसू आलं तर खांदे हलायचे आणि श्वासाची शिट्टी वाजायची. पहिलवान आता ड्रायव्हिंग शिकवायचा. तो दर रविवारी यायचा आणि तिच्यासमोर बसून स्वतःच मोठ्याने बोलत राहायचा. घरात तिचे फोटो होते, आवाजाचा तुकडा कुठे नव्हता. रेकॉर्डवर होता तो ढोल, गिटार आणि कृत्रिम घुमाऱ्याखाली असा गाडलेला की सख्ख्या भावाला ओळखू येऊ नये. माणूस रोज बोलतो तोवर त्याचं बोलणं कोण जपून ठेवतो?

आणि मग एके दिवशी प्राध्यापक दारात उभा राहिला. केस पांढरे, डोळे मिटायची सवय तीच. 'समुद्रतळीच्या राजा'ला पन्नास वर्षं झाली होती आणि सभागृह ठरलं होतं. लोकांना पुन्हा पोकळी हवी होती. मला उचलून एका दुरुस्तीवालीच्या कारखान्यात नेलं. ती पन्नाशीला आलेली बाई, जुन्या मिस्त्रीसारखीच हाताची सच्ची. तिने माझं झाकण काढलं, एका टेपवर हळूच बोट फिरवलं आणि बोट वर करून दाखवलं. बोटाला तपकिरी भुकटी लागली होती.

"टेपवरचा थर सुटलाय, सर. आवाज त्या थरातच असतो. अजून एकदा वाजतील. दुसऱ्यांदा वाजतील असं मी म्हणणार नाही."

"एकदाच पाहिजे. रंगमंचावर," प्राध्यापक म्हणाला.

"मी नव्या टेपा बसवून देते ना. बाजारात मिळतात."

"तो आवाज नाही मिळत. त्या वृंदाला आत्मा होता."

"कुणाचा वृंद होता?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

पहिलवान माझ्या शेजारी उभा होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, अजून काटकुळाच. तो पुन्हा पायांकडे बघणार, अशी माझी खात्री होती. पण तो म्हणाला, "वृंदबिंद काही नाही. ताई आहे ती. सगळी ताईच आहे."

"आता ते उकरून काय उपयोग?" प्राध्यापक म्हणाला.

"तिला विचारल्याशिवाय एक पट्टी दाबायची नाही. दाबलीस तर ढोल तुझे तू बडव." पन्नास वर्षं उशीर झाला होता, आणि मी त्याला शाबासकी देणार नाही. पण तो बोलला, हे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईला घेऊन आला. दुरुस्तीवालीने तिला खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावलं. "मावशी, एकदा वाजवता येईल. तेवढ्यात मी उतरवून घेते, म्हणजे आवाज कायमचा राहील. पण नुसता एकेक सूर, शांतपणे, शेवटपर्यंत. कार्यक्रमात वाजवला तर गेला."

प्राध्यापक सांगू लागला की सभागृहात दोन हजार लोक येणार आहेत, आणि अस्सल टेपा वाजल्या तर तो क्षण ऐतिहासिक होईल. ताईने वही काढली आणि लिहिलं, 'मी वाजवते.' वही त्याच्यासमोर धरली आणि तो वाचून गप्प होईपर्यंत धरून ठेवली.

मग ती माझ्यासमोर बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बोटांनी तिने पहिली पट्टी दाबली. झोपेत बोलणारी ताई उमटली. आठ सेकंद. बोट उचललं. दुसरी. आठ सेकंद. तिला कुणी सांगावं लागलं नाही. शिवणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं, नाहीतर सुई बोटात जाते. प्रत्येक सुरामागे माझ्या आत भुकटी गळत होती. मला माझा तो शेवट कळत होता आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

अठरा झाल्या. एकोणिसावीवर लाल चिकटपट्टी होती, वाळून काळपट झालेली.

"ती खराब आहे. सोडून द्या," प्राध्यापक म्हणाला.

ताईने नखाने चिकटपट्टी सोलून काढली. खालची पट्टी कोरी पांढरी होती. तिला नंतर कुणी हातच लावला नव्हता, म्हणून तिची टेप पस्तीस जणींत सर्वांत कमी झिजली होती. प्राध्यापकाने आयुष्यात केलेली जपणूक एवढी एकच, आणि तीही चुकून.

तिने दाबली. सूर आला, स्वच्छ, जसा त्या रविवारी होता तसा. सहा सेकंद. मग सूर फुटला आणि अठ्ठावीस वर्षांची ताई खदखदून हसली, आणि ओरडली, "अरे, पडशील!"

ताईचं बोट पट्टीवरच राहिलं. आठ सेकंद होऊन गेले, नऊ, दहा, अकरा, बारा. पोकळी म्हणतात ती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पहिलवानाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. तो म्हणाला, "नाही पडत, ताई." आणि लहान पोरासारखा रडला. ताईचे खांदे हलत होते. ती हसत होती.

मग तिने उरलेल्या सोळा पट्ट्या वाजवल्या, कारण काम अर्धवट टाकणारी ती नव्हती. सगळे मिळून दोनशे ऐंशी सेकंद. चार मिनिटं चाळीस सेकंद. मुक्याच्या गिटारचा तेवढ्यात घसाही साफ झाला नसता.

कार्यक्रम झाला. माझ्यात आता त्या उतरवलेल्या आवाजाच्या नव्या टेपा आहेत. प्राध्यापकाने सतराव्या मिनिटाला डोळे मिटले, बोट उचलायचं विसरला, आणि दोन हजार लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. कार्यक्रमपत्रिकेत ताईचं नाव आलं, कारण पहिलवान त्याशिवाय काठ्या हातात घ्यायला तयार नव्हता. प्राध्यापकाने ते सगळ्यांत बारीक टाइपात छापून घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

माझ्या जुन्या पस्तीस टेपा दुरुस्तीवालीने फेकल्या नाहीत. एका चपट्या खोक्यात कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. खोक्यावर काय लिहू, असं तिने ताईला विचारलं. ताईने तिच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, ठळक अक्षरांत, आणि खाली एक रेघ ओढली.

मित्रांनो, आता तुम्ही विचाराल की ते नाव काय. मी सांगणार नाही. पन्नास वर्षं ज्यांनी विचारलं नाही त्यांना ते तेवीस मिनिटांत कळलं नाही, आणि तुम्हाला मी ते बसल्या जागी देऊ? इथे, दुरुस्तीवालीच्या कारखान्यात या. माझ्या शेजारच्या फळीवर, डावीकडून दुसरं खोकं. हात धुऊन उघडा, नाव वाचा, मोठ्याने म्हणा. आणि घरी गेल्यावर तुमच्या घरात जी बाई पायांखालच्या टाचण्या वेचते, तिला काहीतरी बोलायला लावा आणि तिचं बोलणं जपून ठेवा. आठ सेकंद पुरतात. आणि हो, जाताना खोक्याचं झाकण नीट लावून जा, धूळ बसते.